सक्युलंटवर पांढरा कापूस दिसतोय? पिठ्या ढेकूण घालवायची पूर्ण पद्धत, एकदम नवख्यांसाठी

सक्युलंटला, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाला, पाणी घालताना पानांच्या बेचक्यात कापसाचा बारकासा पुंजका अडकल्यासारखा दिसला आणि तुम्ही तो बोटाने उडवून दिलात, तर आधी हात धुवा, ती कुंडी बाकीच्यांपासून लांब नेऊन ठेवा आणि मग हे वाचायला बसा. मी पहिल्या वेळी तो खरंच कापूस समजले होते, वरच्या मजल्यावर कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या असतील म्हणून. तीन आठवड्यांत एका एकेव्हेरियावरून (गुलाबासारख्या आकाराचं सक्युलंट) सहा कुंड्यांवर गेला तो कापूस.

याचं नाव पिठ्या ढेकूण. नर्सरीवाले मिलीबग म्हणतात. द्राक्ष, डाळिंब, सीताफळवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो कपाळावर हात मारून घेईल. नावात ढेकूण असला तरी माणसाला चावत नाही, गादीत पण येत नाही, त्यामुळे आईने घाबरून अख्खं घर धुवून काढायची गरज नाही. तो झाडालाच चावतो, म्हणजे सुईसारखी सोंड पानात खुपसून रस ओढत बसतो. रसात साखर भरपूर आणि बाकी पोषण कमी, म्हणून तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस पितो आणि उरलेली साखर चिकट थेंबांच्या रूपात मागून टाकून देतो. हा चिकटा पानांवर, कुंडीच्या काठावर, खालच्या टाइल्सवर पडतो, त्यावर मुंग्या येतात आणि नंतर काळी काजळीसारखी बुरशी धरते. पान काळं पडलं म्हणून लोक बुरशीनाशक आणतात आणि खरा चोर वर आरामात बसलेला असतो.

आता दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा, कारण पुढचं सगळं यावर आहे. एक, याच्या अंगावर मेणाचं पीठ असतं, त्यावरून पाणी घरंगळून जातं, म्हणून नुसतं पाणी मारून काही होत नाही. दोन, मादी कापसासारख्या पिशवीत अंडी घालते, एका पिशवीत तीनशे ते सहाशे, आणि आपल्याकडच्या उकाड्यात ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. तुम्ही जे काही फवाराल त्यातून बरीचशी अंडी वाचणार, म्हणजे वाचणारच. म्हणून "मी एकदा कडुनिंबाचं तेल मारलं, काहीच फरक नाही पडला" असं जे सगळे म्हणतात ना, त्यात तेलाचा दोष नसतो, त्या "एकदा"चा असतो.

स्टेप १ : आधी नक्की कोण आहे ते बघा

मोबाईलचा टॉर्च लावा आणि पानाच्या देठाशी, मधल्या गाभ्यात, पानाच्या मागे, खाली वाळलेल्या पानांच्या आत बघा. पिठ्या ढेकूण लपून बसणारा प्राणी आहे, पानाच्या मध्यावर ऐटीत बसलेला क्वचितच दिसेल, आणि दिसला तर समजायचं की आतल्या जागा फुल झाल्यात.

एकेव्हेरिया, पॅकिफायटम, काही सेडम यांच्या पानांवर मुळातच पांढरट निळसर पावडर असते, ती झाडाची स्वतःची, उन्हापासून वाचायला. ती अख्ख्या पानावर सारखी पसरलेली असते आणि बोट फिरवलं की निघून जाते, मग त्या पानावर परत नीट येत नाही. कित्येक लोकांनी ही पावडर रोग समजून ओल्या फडक्याने पुसून काढलीये. पिठ्या ढेकूण पुंजक्यात असतो, टूथपिकने हलवला की चिकट लागतो, दाबला की ओलं काहीतरी निघतं.

खोडावर किंवा पानावर तपकिरी, चपटे, शिंपल्यासारखे ठिपके असतील आणि नखाने खरवडले की टिकली निघाल्यासारखे निघत असतील तर ती खवले कीड. कोरफड, गॅस्टेरिया, कॅक्टस यांच्यावर बरीच दिसते. फुलाच्या दांड्यावर हिरवे-काळे बारके किडे दाटीवाटीने बसलेले असतील तर तो मावा, आणि सगळ्यात सोपा तोच. दांडाच कापून टाका, काम झालं. पानं निस्तेज, धुरकट, कॅक्टसच्या शेंड्याला गंज चढल्यासारखं आणि बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. त्याला आठ पाय, तो कीटकच नव्हे, म्हणून त्याची औषधंही वेगळी. पांढऱ्या कागदावर झाड हलकंसं आपटा, पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच.

आणि फड्या निवडुंगावर कापूस दिसला, तो काडीने चिरडला आणि लालभडक रंग निघाला तर दचकू नका, ते रक्त नाहीये. ते कोचिनील, पिठ्या ढेकणाचं नात्यातलं, यांच्यातल्याच एका जातीपासून खायचा आणि कापडाचा लाल रंग बनतो. याची एक गंमत आहे. १७९५ मध्ये हा रंग इथेच तयार करायचा म्हणून ब्राझीलहून किडे भारतात आणले, पण आली भलतीच जात, रंगाला निकृष्ट. तिने रंग काही दिला नाही, पण इथे माजलेल्या एका निवडुंगाचा मात्र जवळजवळ फडशा पाडला. एवढे मैलोन्‌मैल पसरलेले निवडुंग जिथे टिकले नाहीत तिथे तुमची चार इंची कुंडी किती दिवस काढेल याचा विचार करा.

अजून एक, हे खरंच महत्त्वाचं. पिठ्या ढेकणासारखाच दिसणारा पण जरा मोठा, झिपऱ्या झिपऱ्या असलेला आणि तुरुतुरु पळणारा पांढरा किडा दिसला तर त्याला मारू नका! ती बहुतेक क्रिप्टोलेमस नावाच्या भुंग्याची अळी असते, हा ऑस्ट्रेलियन लेडीबर्ड, १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला, आणि आता द्राक्षबागांमध्ये मुद्दाम सोडतात. तो पिठ्या ढेकूणच खातो. पिठ्या ढेकूण तुम्ही बघताय तोवर फार हलणार नाही, हा पळेल.

स्टेप २ : वेगळं करा आणि बाकीच्यांची झडती घ्या

वेगळं म्हणजे दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, पान पानाला लागता कामा नये. मग शेजारच्या सगळ्या कुंड्या बघा, एकूण एक. कुंडीच्या काठाची आतली बाजू, खालची भोकं, खालची प्लेट, स्टँडच्या खाचा, सगळीकडे. आणि गॅलरीत जास्वंद असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. आमच्याकडे दुसऱ्यांदा आला तेव्हा मी पंधरा दिवस सक्युलंटच पुसत बसले होते आणि वर जास्वंदीच्या शेंड्यात अख्खी वसाहत होती, वाऱ्याने खाली पडत होते पिल्लू किडे. शेंडे छाटले तेव्हा थांबलं.

स्टेप ३ : हाताने साफसफाई

हा भाग कंटाळवाणा आहे आणि याला पर्याय नाही. मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, पुढे मी त्यालाच स्पिरिट म्हणते. ९९ टक्केवालं नको, ते फार पटकन उडून जातं, किड्यावर टिकतच नाही. सॅनिटायझर चालेल का असं सगळे विचारतात. नाही चालणार, त्यात ग्लिसरीन नाहीतर जेल असतं, ते पानावर थर करून बसतं.

इअरबड स्पिरिटमध्ये बुडवा, प्रत्येक पुंजक्यावर टेकवा, दोन सेकंद थांबा. मेण विरघळतं आणि पांढरा किडा एकदम तपकिरी-नारिंगी पडतो, ते झालं की मेला. मग पुसून घ्या. अंड्यांची कापसाची पिशवी मात्र नुसती ओली करून सोडू नका, उचलून काढा. जिथे इअरबड जात नाही, हॉवर्थियाच्या किंवा घट्ट एकेव्हेरियाच्या आत, तिथे जुना बारीक पेंट ब्रश वापरा. खवले किडीला जुना मऊ टूथब्रश, कारण तिच्या कवचाखाली स्पिरिट पोचत नाही, ते कवच आधी खरवडायलाच लागतं.

खालची वाळलेली पानं सगळी काढून टाका, त्यांच्या आत हमखास असतात.

दोन सूचना. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती यांच्या जवळ हे काम नको, खिडकी उघडी ठेवा. आणि काम झाल्यावर झाड दिवसभर सावलीत राहू दे. मी एकदा दुपारी बाराला गॅलरीत बसून उत्साहाने सगळं पुसलं आणि तसंच उन्हात ठेवलं, दुसऱ्या दिवशी पानांवर भाजल्यासारखे तांबूस चट्टे, ते आजतागायत तसेच आहेत.

स्टेप ४ : फवारणी

हाताने काढल्यावर डोळ्यांना न दिसणारी पिल्लं राहतातच. ती नुकतीच अंड्यातून निघालेली असतात, अंगावर मेण जवळजवळ नसतं आणि ती चालत नवी जागा शोधत असतात. मारायला सगळ्यात सोपी वेळ हीच. तीन पर्याय सांगते, यातला एक घ्या, सगळे एका बाटलीत ओतू नका.

पहिला, स्पिरिटचंच पातळ पाणी. एक भाग ७० टक्केवालं स्पिरिट, दोन भाग पाणी.

दुसरा, साबणाचं पाणी. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा साधा लिक्विड सोप, वास-रंग जितका कमी तितका बरा. यात एक गोम आहे, पाणी जड असेल, म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं, तर साबण क्षारांबरोबर फुटतो आणि परिणाम कमी होतो. आरओचं पिण्याचं पाणी घ्या. (बादलीत जमा होतं ते वेस्टचं पाणी नाही हं, त्यात क्षार उलट जास्त असतात.) दोनेक तासांनी साध्या पाण्याने धुवून टाका. जेड आणि काटेमुकुट म्हणजे युफोर्बिया मिली, या दोघांना साबण मानवेलच असं नाही, आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट बघा.

तिसरा, कडुनिंबाचं तेल. एक लिटर कोमट पाण्यात आधी दीड-दोन मिली साबण मिसळा आणि मग ५ मिली तेल, जोरात हलवा, पांढरट दूध झालं पाहिजे. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर नीट मिसळलं नाहीये, तेच डोळे पानावर बसून पान जाळतात. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. संध्याकाळीच मारा. वासाची सवय करून घ्या, घरचे बोलतील, बोलू दे.

पावडरवाल्या एकेव्हेरियावर या तिन्हींपैकी काहीही मारलं तरी पावडर जाणारच, पानं हिरवी चकचकीत दिसतील, चिडचिड होईल. नवी पानं परत पावडर घेऊन येतात, थोडा धीर धरा. मी अशा झाडांना फवारणी न करता इअरबडवरच भागवते, जमेल तितकं.

फवारणीनंतर रोझेटच्या, म्हणजे फुलासारख्या गोल मांडलेल्या पानांच्या, मध्यात पाणी साचून राहू देऊ नका. ब्लोअरने नाहीतर सरळ स्ट्रॉने फुंकर मारून काढा. पावसाळ्यात तर हे जास्तच, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत रात्रभर ओलं राहिलं की कीड परवडली असं म्हणायची पाळी येते, गाभाच कुजतो. पंख्याखाली ठेवा.

स्टेप ५ : कॅलेंडर

इथेच बहुतेक लोक हरतात. पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं, आपण खूश होऊन ते परत रांगेत नेऊन ठेवतो. दहा दिवसांनी उरलेली अंडी फुटतात, महिन्याभरात परत कापूस, आणि आता शेजारच्यांवर पण.

म्हणून दर सहा-सात दिवसांनी एकदा, सलग पाच वेळा. किडा दिसो न दिसो. मी मोबाईलवर दर रविवारी सकाळचा अलार्म लावते, नाव ठेवलंय "ढेकूण". पाचव्या रविवारनंतर अजून दोन आठवडे झाड वेगळंच ठेवायचं, एकही पुंजका दिसला नाही तर परत रांगेत. मधे एक रविवार लग्नाला गेलात म्हणून चुकला तर एक वाढवा, पहिल्यापासून नको.

लाल कोळ्याला हेच चक्र अजून लवकर करायला लागतं, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, कारण तो आठवडाभरातच पुढची पिढी काढतो. त्याच्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग तेल किंवा साबण. पाण्यात मिसळणारं गंधक पण चालतं, पण पारा पस्तिशीकडे असताना नको, आणि तेल मारल्यावर दोन-तीन आठवडे तर अजिबात नको, पानं भाजतात.

सगळं करूनही परत परत येतोय? कुंडी उलटी करा

मुळांवर राहणारा पिठ्या ढेकूण वेगळा असतो, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. झाड नुसतं रुसल्यासारखं दिसतं, वाढ थांबते, पाणी घातलं तरी पानं सुरकुतलेलीच, आपण म्हणतो पाणी कमी पडलं आणि अजून घालतो. कुंडीतून झाड काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर निळसर पांढरी पिठी दिसली तर तोच. पर्लाईटचा (मातीत मिसळतात तो पांढरा, हलका) दाणा नखाखाली कुरकुर करून फुटतो, हा चिकट पसरतो.

मग सगळी माती काढून टाका, थैलीत बांधून सरळ कचऱ्यात, दुसऱ्या झाडाला नाही, कंपोस्टला पण नाही. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, खराब मुळं छाटा, उरलेल्यांवर स्पिरिटचं पातळ पाणी मारा आणि झाड चार-पाच दिवस सावलीत कागदावर असंच पडू दे. हो, विनामातीचं. सक्युलंट आहे ते, मरत नाही. पश्चिम बंगालमधल्या कालिंपाँगच्या नर्सऱ्यांमधून लोक ऑनलाइन मागवतात ती झाडं अशीच कागदात गुंडाळून आठ-आठ दिवस प्रवास करून येतात. जुनी कुंडी गरम साबणाच्या पाण्याने घासून घ्या, नवीन कोरडं मिक्स (कुंडीत भरायची तयार माती) भरा, झाड लावा आणि आठवडाभर पाणी नाही.

रासायनिक औषधं

मी शेवटी ठेवलीत कारण शेवटीच वापरायची. कृषी सेवा केंद्रात गेलात की इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली हातात देतात. ते झाडाच्या रसात उतरतं आणि रस पिणारा मरतो, म्हणून मुळांच्या ढेकणावर पण उपयोगी पडू शकतं. पण झाड पाणी ओढत असेल तरच ते वर चढतं, कडक उन्हाळ्यात झोपलेल्या सक्युलंटला घालून काही फायदा नाही. लाल कोळ्यावर ते चालत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून तो वाढू शकतो. मधमाश्यांना तर विष, युरोपियन युनियनने २०१८ मध्ये उघड्यावर वापरायला बंदी घातली, तेव्हा अडेनियम, कलांचो फुलावर असताना उघड्या गॅलरीत नकोच. जी कोरफड तुम्ही केसाला, तोंडाला लावता किंवा खाता तिला कधीच नाही. डोस लेबलवर असेल तोच, आणि झाकणाने अंदाजे न ओतता बिनसुईच्या सिरिंजने मोजून, ग्लोव्ह्ज घालून. ती सिरिंज नंतर स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

मॅलेथिऑन हे दुसरं कीटकनाशक जेड, एकेव्हेरिया, कलांचो या खानदानाला सोसत नाही, पानं गळतात, दुकानदाराने कितीही सांगितलं तरी नाही म्हणा.

विष नकोच असेल तर तिथेच व्हर्टिसिलियम लेकॅनी मागा, ही किड्यांना रोग आणणारी बुरशी आहे, पावडर किंवा लिक्विडमध्ये मिळते. हवेत दमटपणा लागतो तिला, म्हणून जून ते सप्टेंबर बरी, एसीच्या खोलीत उपयोग नाही. तिच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक मारू नका, नाहीतर एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटल्यासारखं.

लसूण-मिरचीचं पाणी, हळद, राख, व्हिनेगर हे सगळं मी करून बसलेय. व्हिनेगरने पानं गेली, राखेने गॅलरी घाण झाली, लसणाच्या पाण्याने शेजारच्या काकूंना वाटलं आमच्याकडे फोडणी चाललीये. ढेकूण तसेच.

मुंग्या

मुंग्या रोग आणत नाहीत पण चिकट्याच्या बदल्यात या किड्यांना सांभाळतात, त्यांना खायला येणाऱ्या मित्रकीटकांना हाकलतात, पिल्लांना उचलून दुसऱ्या झाडावर पण नेतात. कुंडीभोवती मुंग्यांची रांग दिसली की मी थेट टॉर्च काढते, दहापैकी नऊ वेळा वर काहीतरी सापडतंच. स्टँडच्या पायांना व्हॅसलीनचा जाड पट्टा ओढा, किंवा पाय पाण्याच्या वाटीत ठेवा, आजी दुधाच्या कपाटाला करायची तसं. वाटीत डास होतात, पाणी दोन दिवसांनी बदला.

परत येऊ नये म्हणून

नवीन झाड कुठूनही आणलं, प्रदर्शनातून, नर्सरीतून, मैत्रिणीने प्रेमाने दिलेली फांदी का असेना, तीन-चार आठवडे वेगळं. आणल्या आणल्या कुंडीतून काढून मुळं बघायची, लाजायचं नाही. कुंड्या खेटून ठेवू नका, हवा खेळली पाहिजे. आणि खत कमी! नायट्रोजन जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि या किड्यांना तेच हवं असतं. सक्युलंटला वर्षातून एक-दोनदा पातळ खत पुष्कळ झालं. अंधाऱ्या कोपऱ्यात लांबुळकी वाढलेली झाडं पण यांना सोपी जातात, उजेडात घ्या.

आणि झाड कधी टाकून द्यायचं? गाभ्याचा आकार वेडावाकडा झालाय, खोड मऊ पडलंय, आणि शेजारी अजून वीस चांगल्या कुंड्या आहेत, तर टाका, दोनशे रुपयांच्या झाडापायी वीस झाडं धोक्यात घालू नका. फक्त टाकायच्या आधी वरच्या बाजूची तीन-चार ठणठणीत पानं देठासकट काढा, स्पिरिटच्या इअरबडने पुसा, दोन दिवस सुकवा आणि कोरड्या मिक्सवर नुसती ठेवून द्या. बाकीचं झाड मातीसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कचऱ्यात. माझी ती पहिली एकेव्हेरिया अशीच गेली, तिच्या तीन पानांतली दोन लागली, सध्या दह्याच्या डब्यात बाथरूमच्या खिडकीत वेगळी बसलीयेत आणि रविवारी टॉर्च त्यांच्यावर पण पडतोच.